पाण्याच्या खोलीतलं ‘हं’

कारखान्यात सगळ्यात काळोखी खोली होती ती पाण्याची. तिला एकच खिडकी, तीही खिळे मारून बंद केलेली, आणि फटींत चिंध्या कोंबलेल्या. भर दुपारी आत शिरलं तरी पहिली पाच मिनिटं हात पुढे धरून चालावं लागे. नाव पाण्याची खोली असलं तरी आत होती ती तेलाने भरलेली लांबलचक लोखंडी डोण. तलवारीला पाणी द्यायचं म्हणजे घडवलेलं पातं भट्टीत लाल करायचं आणि नेमक्या क्षणी त्या तेलात बुडवायचं. लाली कमी पडली तर पातं मऊ राहतं, वाकवलं की वाकलेलंच. जास्त झाली तर ठिसूळ होतं, वाकवलं की दोन तुकडे. मधला तो रंग पापणी लवेपर्यंत टिकतो आणि तो ओळखायचा नुसत्या डोळ्यांनी. म्हणून काळोख. उजेडात रंग खोटं बोलतो, असं आत्याचे वडील म्हणत.

भट्टीच्या तोंडापासून चार हातांवर एक बुटकं लाकडी स्टूल होतं. त्यावर आत्या गेली सत्तावन्न वर्षं बसत आली होती. ती मालकाची बहीण. मालकाच्या मुलांची आत्या म्हणून सगळ्या कारखान्याची आत्या. तिच्याहून मोठी माणसंही तिला आत्याच म्हणत. तिचं काम एवढंच, की पात्याला हवा तो रंग आला की ‘हं’ म्हणायचं. आधी ती ‘आता’ म्हणायची. वडिलांनी पहिल्याच आठवड्यात ते बंद केलं. “आता म्हणेपर्यंत रंग निघून जातो. हं म्हण. तोंडसुद्धा उघडावं लागत नाही.”

पातं सांडशीत धरून बुडवणारा माणूस वेगळा. तो भट्टीकडे पाठ करून नाही, पण मान फिरवून उभा राही, नजर डोणीवर. आगीकडे बघत राहिलं की डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे ठिपके नाचतात, मग डोण दिसत नाही आणि पातं तिरकं पडून पिळवटतं. पणजोबांनी अशी बरीच पाती वाया घालवल्यावर नियम केला: जो बघतो तो बुडवत नाही आणि जो बुडवतो तो बघत नाही. तेव्हापासून चार पिढ्या तो पाळला गेला. हल्ली बुडवायला जो होता त्याचं नावच बुडव्या पडलं होतं. साठीचा, सडाफटिंग, बोलका माणूस. अडतीस वर्षं तो त्या भट्टीशेजारी उभा होता आणि पाण्याचा रंग कसा असतो ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. लग्नाच्या बायकोकडे कुणी इतकी वर्षं बघितल्याशिवाय राहिलं नसतं, असं तोच म्हणायचा.

पणजोबांनी ओढ्याकाठी पाणचक्कीवर चालणारा मोठा घण बसवला तेव्हा ते विळे नि कुऱ्हाडी करत. मग कुठल्याशा लढाईच्या धामधुमीत सैन्याला तलवारी कमी पडल्या, त्यांनी केल्या, आणि त्या वाकल्या नाहीत. आजोबांच्या काळात दीडशे माणसं कामाला होती. गावातली तान्ही मुलं घणाच्या आवाजावर झोपत आणि सुट्टीच्या दिवशी आवाज बंद असला की रडून घर डोक्यावर घेत. पुढे लढाया बंदुकांच्या झाल्या, तलवार कमरेला शोभेपुरती उरली, आणि दीडशेची साठ, साठची अकरा माणसं झाली. आता एकच गिऱ्हाईक होतं, घोडदळाची शाळा. तिच्या संचलनात खऱ्या पाणीदार तलवारी लागत, आणि त्या कुणी करायच्या याची एक सरकारी यादी होती. यादीवर पूर्वी नऊ कारखाने होते. राहिला हा एक.

वडिलांनी खरं तर त्या स्टुलावर आधी मुलाला बसवलं होतं. त्याला पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो सारखाच दिसतो, हे दोन आठवडे आणि अकरा पाती वाया गेल्यावर कळलं. वडील रागावले नाहीत. एका सकाळी त्यांनी न बोलता त्याला उठवलं आणि धाकट्या मुलीला बसवलं. पुढे कारखाना त्या मुलाच्या, आत्याच्या दादाच्या, नावावर झाला आणि स्टूल आत्याकडे राहिलं. तिला स्थळं आली, नाही असं नाही. पण मुलाने याच गावात येऊन राहायचं, ही वडिलांची अट. “जावई हवाय की भट्टीला भाडेकरू?” असं एका मुलाच्या काकाने विचारलं, आणि तिथून पुढे स्थळं यायची थांबली. आत्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. निदान ती तसं म्हणायची.

त्या वर्षी यादी नव्याने होणार होती. घोडदळाच्या शाळेने दहा तलवारी मागवल्या होत्या. साहेब स्वतः येऊन प्रत्येक पातं वाकवून बघणार, दहाच्या दहा उतरली तर कारखाना यादीवर, नाहीतर नाही. पाती चौदा घडवून तयार होती. ज्या लोहाराने ती घडवली तो नेमका त्या हिवाळ्यात वारला. त्याच्या हाताचं पातं करणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे होती ती चौदा. चार तुटली तरी चालणार होतं, पाचवं नाही.

पहिल्या दोन पात्यांतच खोट निघाली. बुडव्याने कानस लावून पाहिली. पाणी दिलेल्या पात्यावरून कानस घसरायला हवी, ही खुशाल रुतत होती. पातं मऊ राहिलं होतं. मऊ पातं पुन्हा तापवता येतं, तुटलेलं तेवढं कायमचं जातं, त्यामुळे नुकसान काही झालं नव्हतं. पण बुडव्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना हळूच म्हणाला, “आत्या, रागावू नका. तुमचं हं आजकाल चाचपडत येतं.”

आत्या रागावली. इतकी, की त्या दिवशी तिने चहा अर्धा टाकला. पण तिला ठाऊक होतं. गेली दोन-तीन वर्षं भट्टीच्या तोंडाशी धुकं साचल्यासारखं वाटायचं, आणि ती आधी धुराला, मग कोळशाला, मग चष्म्याला दोष देत आली होती. दादाने तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर तरुण आणि हसतमुख होता. आधी उजवा करू, महिन्याने डावा, म्हणाला. अगदी तरुणपणीसारखं दिसायला लागेल, आजी. दादा परत येताना वाटभर गुणगुणत होता. त्याला वाटलं, सुटलो.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी आत्या घरभर फिरली. दार निळं आहे हे तिला माहीत होतं, पण इतकं निळं? गेली कित्येक वर्षं तिला ते राखाडी-हिरवटच दिसत होतं. स्वयंपाकघरात तिने कप उजेडात धरला आणि वहिनीला विचारलं, मी इतके दिवस याच कपातून चहा पीत होते का? वहिनी म्हणाली, वन्सं, दिसायला लागलं ते बरंच झालं, आता भांडी तुम्हीच घासा. दोघी पोट धरधरून हसल्या. मग दादा आत आला आणि आत्या हसायची थांबली. त्याच्या तोंडावर इतक्या सुरकुत्या कधी पडल्या ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची खोली उघडली. भाता सुरू झाला, पातं भट्टीत गेलं, आत्या स्टुलावर बसली. भट्टीचं तोंड असं लख्ख दिसत होतं, की कोळशाचा एकेक खडा मोजून घ्यावा. पातं काळ्याचं तांबूस झालं, तांबुसाचं लाल झालं. आत्या वाट बघत राहिली. तिचा रंग येईचना. जो लाल समोर होता तो पातळ होता, गुलाबीकडे झुकलेला, चुन्याचं पाणी घातल्यासारखा. त्यात ती दाट पिवळी छटा नव्हती, जिच्यावर ती सत्तावन्न वर्षं ‘हं’ म्हणत आली होती. पातं भलतंच उजळ वाटलं तशी ती घाबरून ‘हं’ म्हणाली. मऊ. दुसऱ्याला तिने मुद्दाम थांबून पाहिलं. ते दादाने लाकडी ठोकळ्यावर टेकवून वाकवलं तेव्हा काडीसारखं मोडलं. तिसरंही मोडलं.

दादाने तुकडे उचलले आणि दाराबाहेर उजेडात नेऊन बघत बसला, जणू रंग अजून त्यांच्यात कुठे असेल. असता तरी त्याला दिसला नसता.

आत्याने मग सगळं करून पाहिलं. रंग बदललेला नाही, आपला डोळा बदलला आहे, एवढं तिच्या लक्षात आलं. मोतीबिंदूच्या पिवळ्या काचेतून ती कधीपासून बघत होती कोण जाणे, आणि काच जसजशी दाटत गेली तसतसं तिचं माप नकळत सरकत गेलं होतं. ते सरकलेलं माप आता तिच्या हातचं गेलं होतं. तिने वहिनीला स्टुलाशेजारी बसवून रंग सांगायचा प्रयत्न केला. डाळिंबाच्या दाण्यासारखा, पण दाणा उन्हात धरल्यावर दिसतो तसा. वहिनी म्हणाली, कुठलं डाळिंब, गोड की आंबट? तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता. आत्याने बाजारातून डाळिंब आणवलं, फोडलं, आणि दाणा उन्हात धरल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला डाळिंबसुद्धा आता वेगळंच दिसतंय.

मग तिने नियम मोडला. बुडव्याला म्हणाली, आज बुडवू नकोस, नुसता बघ. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तो भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. पातं लाल होत गेलं. काय दिसतंय, तिने विचारलं.

“लाल.”

“कसा लाल?”

“आता लाल म्हणजे लाल, आत्या. लालच.” तो बिचारा डोळ्यांत पाणी येईस्तोवर बघत होता. “आणखी थोडा लाल झाला बघा. का नाही झाला?”

त्या संध्याकाळी तोंड धुताना आत्याच्या उजव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून तिने चाचपडत पंचा शोधला, आणि डाव्या, न कापलेल्या डोळ्याला समोरचं दार दिसलं. राखाडी-हिरवट. जुनं दार. ती तशीच, साबण लागलेल्या तोंडाने, बराच वेळ उभी राहिली.

सकाळी उजव्या डोळ्यावर फडकं बांधून ती स्टुलावर बसली. बुडव्या म्हणाला, आत्या, चाच्यांची सरदार दिसताय. कुणी हसायच्या आत पातं तापायला लागलं होतं. धुक्यात, भट्टीच्या तोंडाशी, हळूहळू तो रंग आला. दाट, पिवळसर, तिच्या ओळखीचा. ‘हं’. तेल फुसफुसलं. दादाने ठोकळ्यावर पातं वाकवलं, ते कमानीसारखं वाकलं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं. दोन दिवसांत पाच पाती उतरली. दादाने वहिनीला सांगितलं, आणि वहिनीने शेजारी सांगितलं, आणि घरात पुन्हा मोठ्याने बोलणं सुरू झालं.

एवढ्यात दवाखान्यातून डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. आत्याने सर्दीचं निमित्त सांगून ती पुढे ढकलली. दुसऱ्यांदा खोकल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा डॉक्टरने दादालाच निरोप धाडला की हा मोतीबिंदू पिकत चालला आहे, आणखी थांबाल तर त्रास होईल, डोळाही जाऊ शकतो. दादाने निरोप वाचून दाखवला आणि कागदाची घडी घालत बसला. जा असं त्याला म्हणता येईना, जाऊ नकोस असंही म्हणता येईना. शेवटी आत्याच म्हणाली, साहेब येऊन जाऊ देत.

साहेबांना यायला अकरा दिवस होते. उरली होती सात पाती, त्यांतली पाच उतरायला हवी होती. पण धुकं रोज दाटत होतं. पिकणाऱ्या डोळ्याला कुणाची तारीख ठाऊक असते? आत्या स्टूल भट्टीच्या आणखी जवळ ओढायची. तिच्या भुवया जळाल्या, गाल तांबडे झाले, वहिनी रात्री लोणी लावायची. पहिलं पातं मोडलं. पुढची दोन चांगली निघाली. मग आत्याला दोन दिवस काहीच दिसलं नाही, म्हणून भट्टी पेटवलीच नाही. तिसऱ्या दिवशी हवा कोरडी होती, डोळा जरा निवळल्यासारखा वाटला. पातं आत गेलं. रंग आला असं तिला वाटलं, मग वाटलं नाही, मग पुन्हा वाटलं. तिने उजव्या डोळ्यावरचं फडकं क्षणभर वर केलं. लख्ख, पातळ, परकं लाल. तिने फडकं खाली ओढलं तर आता डाव्यापुढे नुसता उजेड. एका डोळ्याला दिसत होतं पण तो ओळखत नव्हता, दुसरा ओळखत होता पण त्याला दिसत नव्हतं. “आत्या,” बुडव्या मान फिरवून उभा होता तो हलक्या आवाजात म्हणाला. ती ‘हं’ म्हणाली.

ते मोडलं. आता तीन होती आणि तिन्ही उतरायला हवी होती.

पुढच्या दिवशी तिघंही खोलीत गेली तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आत्याने ‘हं’ म्हटलं ते तिचं तिलाच अंदाजाने म्हटल्यासारखं वाटलं. अंधारात आंधळ्याने दगड मारावा तसं. तेलातून पातं काढलं, पुसलं, दादाने ते ठोकळ्यावर टेकवलं, आणि तो वाकवेना. नुसता धरून उभा राहिला. आत्या म्हणाली, वाकव रे. तो म्हणाला, थांब जरा. मग त्याने वाकवलं. आवाज काही फार मोठा झाला नाही.

सात झाली होती, दोन उरली होती. लहान मुलालाही करता येईल असा तो हिशेब होता, आणि तिघांनीही तो मनातल्या मनात दोनदा करून पाहिला.

साहेब आले ते चांगले गृहस्थ निघाले. आरडाओरडा करणारा, चुका काढणारा कुणी आला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी कोट काढून ठेवला, सातही पाती स्वतः वाकवली, कानस लावली, आणि म्हणाले की असं पाणी त्यांनी गेल्या वीस वर्षांत दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मग त्यांनी कागद काढला. त्यावर दहा लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, अवधी वाढवला तर उरलेली होतील का? दादाने आत्याकडे पाहिलं. आत्या जमिनीकडे बघत होती. साहेबांनी मग विचारलं, भट्टी किती अंशांवर ठेवता? आकडा असेल तर लिहून द्या, मी वर बोलून बघतो, दुसऱ्या कुणाकडून पाणी देऊन घेता येईल.

“आमच्याकडे आकडा नाही, साहेब,” दादा म्हणाला. “बहीण आहे.”

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चहा घेतला, वहिनीला नमस्कार केला, सात पाती पोत्यात गुंडाळून नेऊ का असं संकोचाने विचारलं आणि गाडीत ठेवून घेऊन गेले. बुडव्या त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेला आणि परत आलाच नाही, तसाच घरी निघून गेला. सकाळी मात्र नेहमीच्या वेळी हजर झाला. काम नव्हतं. त्याने डोणीतलं तेल गाळलं, सांडशा पुसून लावल्या, आणि दुपारी पुन्हा तेच तेल गाळलं.

पंधरा दिवसांनी दादा आत्याला घेऊन दवाखान्यात गेला. आता ढकलायला काही कारण उरलं नव्हतं. बसमध्ये दोघं शेजारी बसली. दादाने मध्येच एकदा विचारलं, कसा असतो गं तो? आत्याला कळलं तो कशाबद्दल विचारतोय. सत्तर वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. तिने सांगायला तोंड उघडलं आणि तिला एकदम जाणवलं, की ज्याला हिरवा नि लाल सारखाच त्याला कुठून सुरुवात करून सांगणार. ती म्हणाली, गरम असतो. दादा हसला, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला.

आत तिला टेबलावर निजवलं. तरुण डॉक्टरने उजवा डोळा कापडाने झाकला आणि डाव्यावर वरचा दिवा ओढून घेतला. तो मघाशी जरा रागावला होता, इतका उशीर केला म्हणून, पण आता पुन्हा हसतमुख झाला होता.

“दिवा दिसतोय का, आजी?”

“दिसतोय.”

“कुठल्या रंगाचा?”

आत्याने नीट पाहिलं. धुक्याच्या पलीकडे, मोठा, स्थिर, दाट. “पिवळा,” ती म्हणाली. “लालसर पिवळा.”

“पांढरा आहे तो,” डॉक्टर म्हणाला, आणि त्याने हातमोजे चढवले. “पट्टी निघाली की बघा. अगदी पांढराशुभ्र दिसेल.”

नर्सने तिला हलू नका म्हणून सांगितलं. आत्या हलली नाही. पापणी मिटू नये म्हणून तिथे काहीतरी लावलेलं होतं, तेव्हा ती बघतच राहिली, जितका वेळ बघू देतील तितका वेळ.